दम्याच्या मुलीसाठी १५ टक्के जास्त, पण कशावर?

घराचं काम काढलंय, तोवर भाड्याच्या जागेत आहात. मुलीला दम्याचा त्रास आहे आणि कंत्राटदार सगळं 'आरोग्यपूरक' साहित्य वापरायचे १५ टक्के जास्त मागतोय. त्यासाठी ६ महिन्यांच्या खर्चाची ठेव मोडावी का, असं तुम्ही विचारलंय.

ठेव मोडू नका. मध्यरात्री मुलीला घेऊन दवाखाना गाठायची वेळ आली, तर हाताशी हाच पैसा असेल. पण तुमची काळजी अगदी रास्त आहे, त्यामुळे नुसतं 'नको' म्हणून मी थांबणार नाही.

कोटेशन फोडून मागा. तुम्ही पाठवलेल्या कागदात सिरॅमिक फरशी आणि काचेवरही १५ टक्के लावलेत. त्यांतून हवेत काही सुटत नाही, मग जादा पैसे कशाचे? कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायनं कमी असलेला रंग मात्र घ्या.

खरा पैसा लाकूडकामावर घाला. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ, म्हणजे लाकडाचा चुरा किंवा तंतू दाबून केलेले बोर्ड, बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवतात. रंगाची वाफ बरीचशी काही आठवड्यांत ओसरते. या गोंदातून मात्र फॉर्मल्डिहाइड हा वायू महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं झिरपत राहतो. उष्णता आणि दमट हवेत तर जास्तच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला कर्करोगकारक ठरवलंय. फिनॉलिक गोंदाच्या प्लायवुडमधून तो बराच कमी सुटतो. बोर्डच हवा असेल तर ई-१ (फॉर्मल्डिहाइड किती सुटतो यावर मर्यादा घालणारा दर्जा) किंवा त्याहून कडक दर्जाचा घ्या, आणि कापलेल्या सगळ्या कडा, मागच्या न दिसणाऱ्यासुद्धा, बंद करून घ्या.

यासाठी पैसा कुठून आणायचा? कपाटं कमी करा. मुलीच्या खोलीत तीन भिंती भरायच्या ठरल्यात, तिथे एकच भरा. बोर्ड कमी म्हणजे वायूही कमी. त्याहून आधी भिंतीतली ओल काढा. दम्याला बुरशी फार त्रास देते आणि ओलीवर कितीही चांगला रंग लावला तरी ती परत येते.

बोर्डाचं चाचणी प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय लाकूडकामाचा हप्ता देऊ नका. ही अट करारातच लिहून घ्या.

आणि काम संपल्यावर आणखी एक महिना भाड्याच्या घरातच राहा. नवं घर तेवढे दिवस खिडक्या, कपाटांची दारं उघडी ठेवून वारं खाऊ दे. त्या भाड्याची रक्कम मी तुमच्या बजेटमध्ये आत्ताच धरली आहे.