‘सिक’ टाकलंत, तिथंच घोळ झाला

मुंबईत बेस असलेल्या एका को-पायलटनी विचारलंय. लागोपाठ दोन रात्री उड्डाणं झाली, मग पहाटेची ड्यूटी लागली. झेपणार नाही म्हणून क्रू शेड्युलिंगला, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या विभागाला, फोन केला. ‘फटीग (थकवा) म्हणालात तर चौकशीचं लचांड, त्यापेक्षा सिक टाका,’ म्हणजे आजारी असल्याचं कळवा, असं पलीकडून सुचवलं गेलं; यांनी टाकलं. आता ‘वारंवार आजारी पडता’ म्हणून कारणे दाखवा नोटीस आलीय, सात दिवसांत उत्तर हवंय. अशी पत्रं मला वरचेवर येतात.

थकवा घातक असतो हे मला सांगू नका. 2010च्या मंगळूर अपघातात 158 माणसं गेली, आणि कॉकपिटच्या ध्वनिफितीत कॅप्टनचं घोरणं निघालं. तुमचा प्रश्न एवढाच, की त्या पहाटे तुम्ही नेमकं काय नोंदवलंत? थकलेल्या वैमानिकानं उडू नये, हा डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांचा आधार तुम्हाला आहे. पण तो थकवा नोंदवणाऱ्याला. तुम्ही नोंदवलात आजार, आणि त्यालाही डॉक्टरचा कागद नाही. फटीग रिपोर्ट भरायला दहा मिनिटं लागली असती!

आता आजच्या आज कंपनीला ईमेल करा: त्या कॉलचं रेकॉर्डिंग असेल तर जपून ठेवा, पुसू नका. रोस्टरच्या (ड्यूटीच्या वेळापत्रकाच्या) ॲपमधले गेल्या महिन्याचे स्क्रीनशॉट काढा. सस्पेन्शन आलं की लॉगिन बंद होऊ शकतं. छापलेलं रोस्टर नको, प्रत्यक्ष उडालेल्या वेळा हव्यात. नियम असा: सलग 48 तासांची साप्ताहिक विश्रांती, तीत दोन रात्री, आणि दोन विश्रांतींमध्ये 168 तासांपेक्षा जास्त अंतर नाही. यात कुठे खोट निघाली तर पारडं फिरेल.

उत्तरात खरं ते लिहा: कारण थकवा होतं, ‘सिक’ सांगण्यावरून टाकलं. फटीग रिपोर्ट आता द्या, पण आजच्याच तारखेनं. मागची तारीख घातलीत किंवा डॉक्टरचा सर्टिफिकेट पैदा केलात, तर वकीलपत्र दुसऱ्या कुणाला द्या.

कामगार म्हणून दाद मागता येईल का, बाँडचं (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीचं) काय, हे करारपत्र पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. कोर्टावर भिस्त ठेवू नका. विश्रांतीचे हेच नियम जानेवारी 2024मध्ये निघाले, त्याच जूनपासून लागू व्हायचे होते. वैमानिक संघटनांनी दिल्ली हायकोर्टात खेटे घातल्यावर ते दोन टप्प्यांत लागू व्हायला 2025चा जुलै आणि नोव्हेंबर उजाडला. डिसेंबरात इंडिगोची उड्डाणं रद्द होऊन गोंधळ उडताच त्यातून सूटही दिली गेली.

आणि शेड्युलिंगमधल्या त्या गृहस्थांना ‘तुम्हीच सांगितलं होतंत ना’ असा व्हॉट्सॲप करू नका. काय विचारायचं ते ईमेलवर, एचआरला.