43व्या वर्षी ऑस्ट्रेलियात पायलट म्हणून यायचंय? 65 राहू दे, आधी 45 बघा

तुम्ही मुंबईत ए320वर कॅप्टन, वय 43, मुलगी आठवीत. ऑस्ट्रेलियात पायलटला रिटायरमेंटचं वयच नाही असं ऐकलंय, म्हणून तिची दहावी झाली की निघू म्हणताय. मी इथे ब्रिस्बेनला बरीच वर्षं उडवतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे की तेवढं थांबू नका.

ऐकलंय ते खोटं नाही पण अर्धवट आहे. इथे लायसन्सला वरची वयोमर्यादा नाही, क्लास वन मेडिकल क्लिअर होत राहिलं तर 65 नंतरही उडवता येतं, पण ते फक्त देशातल्या देशात. इंटरनॅशनलला आयकाओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा, नियम लागतो, जो 2006 मध्ये 60चा 65 झाला, आणि त्यापुढच्या पायलटला आपल्या हद्दीत येऊ द्यायचं की नाही हे समोरचा देश ठरवतो, आणि बहुतेक देश नाहीच म्हणतात. मर्यादा 60 होती तेव्हा क्वांटासच्या क्रिस्टी नावाच्या 747 कॅप्टनची केस हायकोर्टापर्यंत, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेली होती. साठीनंतर त्यांच्यासाठी न्यूझीलंड, फिजी, बाली एवढेच रूट उरत होते, तेवढ्यावर रोस्टर बसेना, आणि 1998 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. म्हणून आजही इथे लोक पासष्टीला 787 सोडून 737वर डोमेस्टिकला येतात. पगार कमी होतो पण सीट राहते.

पण तुमची खरी अडचण व्हिसाची आहे. पॉइंट्सवाल्या पीआरसाठी इन्व्हिटेशन येतं तेव्हा वय 45च्या आत लागतं. वयाचे पॉइंट्स 33 ते 39ला 25, 40 ते 44ला फक्त 15, म्हणजे दहा तुमचे आधीच गेलेत. एम्प्लॉयरने स्पॉन्सर केलेल्या 186 नंबरच्या पीआर व्हिसालाही साधारण 45च, थोडे अपवाद सोडले तर. 482 या एम्प्लॉयरच्याच दुसऱ्या व्हिसाला वयाची अट नाही पण तो टेम्पररी, आणि मुलगी कॉलेजला जाताना हातात टेम्पररी व्हिसा असला तर फी इंटरनॅशनल स्टुडंटची पडते, हे वहिनींशी आधी नीट बोला. ज्या व्हिसाला जाताय त्याच्या व्यवसायांच्या लिस्टमध्ये एरोप्लेन पायलट आहे का हे अर्ज करायच्या दिवशी परत बघा, लिस्ट बदलत असते.

त्यात डीजीसीएच्या, म्हणजे भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या, नियमाने कॅप्टनला एक वर्षाचा नोटीस पिरियड, त्यामुळे व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, पण डीजीसीएकडून लायसन्स व्हेरिफिकेशन मागवायचं काम आत्ताच सुरू करा, कासा, म्हणजे इथला विमान वाहतूक नियामक, त्याशिवाय पुढे सरकत नाही.

आणि सिनियॉरिटी. इथे तुमचे तास कितीही असोत, नंबर शेवटचा मिळतो आणि बहुतेक वेळा उजवीकडची, म्हणजे को-पायलटची सीट. बेस, सुट्ट्या, दिवाळीचा ऑफ, कमांड, सगळं त्या नंबरवर. शेजारी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान कॅप्टन बसेल. 44ला आलात तर कमांड मिळाल्यावर ती उपभोगायला वर्षं उरतात, 50ला आलात तर फार थोडी.

पैशाचं म्हणाल तर सुपर, म्हणजे इथला पीएफ, कंपनी पगारावर 12 टक्के भरते आणि साठीनंतर नोकरी सोडली की काढता येतो. सरकारी पेन्शन 67ला, तीही इथे किमान 10 वर्षं राहिलात तर आणि उत्पन्न-मालमत्ता बघून. तेव्हा तिकडचा पीपीएफ आणि घर मोडून येऊ नका.

दहावीचं म्हणाल तर तुमचा अर्ज आणि तिचा अभ्यास एकाच वेळी चालू शकतो, आधी तुम्ही एकटे या, ती परीक्षा देऊन मागून येईल.