नातू ऐकत नाही, जिद्दी आहे का?

प्रश्न : माझा नातू 14 महिन्यांचा आहे. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून मोरीत पिंप, बादल्या भरून ठेवतो. ‘तिकडे नको’ म्हटलं की स्वतःच ‘नको’ची मान हलवतो, हसतो आणि पुन्हा बादलीकडेच! मुलगा म्हणतो, एक चापट द्या. सून म्हणते, वॉकर आणू, म्हणजे एका जागी रमेल. काय करावं?
– एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, जिद्द वगैरे काही नाही. मान हलवतो म्हणजे शब्द त्याला कळलाय. पण कळल्यावर हात आवरायचा, हे या वयाच्या मेंदूला जमतच नाही. तीन-चार वर्षांच्या मुलालाही ते रोज जमेल असं नाही. चापटीने तो तुम्हाला घाबरेल, पाण्याला नाही.

तेव्हा बंदोबस्त मोरीचा करा. या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं. काठ धरून आत वाकला की तोल डोक्याकडे जातो, आणि स्वतःला वर ओढण्याइतका जोर हातांत नसतो. भरलेली बादली जड, ती कलंडतही नाही. बुडायला चार बोटं पाणीसुद्धा पुरतं. बहुतेक वेळा आरडाओरडा होत नाही, म्हणून ‘मी स्वयंपाकघरातच तर होते’ याला अर्थ उरत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण हवं. वर ठेवलेली परात तो सहज सरकवेल. रिकामी बादली पालथी घाला. मोरीच्या दाराला बाहेरून, उंचावर कडी लावून घ्या. सुताराचं अर्ध्या तासाचं काम आहे, चिरंजीवांना सांगा!

वॉकर मुळीच नको. त्यात मूल एका जागी रमत नाही, उलट तुम्ही उठेपर्यंत जिन्याशी पोचतं. कॅनडाने 2004 साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. चालायलाही त्याने लवकर येत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पोह्यांतले शेंगदाणे त्याच्या बशीत नकोत, फुटाणेही नकोत. चावायच्या दाढा पुरत्या आलेल्या नाहीत, अख्खा दाणा श्वासनळीत जातो. चार वर्षांचा होईपर्यंत कूट करूनच द्या.

आणि आता लवकरच तो चढायला लागेल. गच्चीच्या कठड्याजवळ खुर्ची, स्टूल, कुंडी असं काही असेल तर आजच हलवा.