पेपर आमचा, अटी त्यांच्या

यावेळी पत्रं बरीच आली आणि निम्मी तरी रिसर्च पेपर छापण्याबद्दलची. मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की हल्ली मोठी जर्नलं सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणतायत, ती आपल्या बडोद्याच्या मंडळींनी चांगलीच मनावर घेतलेली दिसतेय. चार पत्रं निवडलीयेत, नावं दिलेली नाहीत (विभागप्रमुख पण हेच मासिक वाचतात म्हणे).

प्रश्न : ताई, मी मांजलपूरला राहते, केमिस्ट्रीत पीएचडी चाललीय. पेपर सबमिट करताना पोर्टलने आधी जेंडर विचारलं, मग रेस, मग तुमचे पूर्वज कुठले ते. एशियन लिहिलं म्हणून रिजेक्ट तर नाही ना करणार?

उत्तर : नाही गं. २०२० मध्ये इंग्लंडच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने पुढाकार घेतला, बरेच प्रकाशक एकत्र आले आणि २०२२ मध्ये त्यांनी सगळीकडे एकसारखे विचारायचे प्रश्न ठरवले, तेच तुला दिसले. उत्तरं एडिटर किंवा पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरला दिसत नाहीत, फक्त आकडेवारीसाठी असतात, आणि सांगायचं नसेल तर तसा पर्याय पण आहे. मी म्हणेन भर, कारण कोणाचे पेपर येतात नि कोणाचे परत जातात हे मोजल्याशिवाय कळणार कसं. फक्त त्यात जात कुठेच नाहीये बघ. आयआयटीतला प्रोफेसर आणि खेड्यातल्या कॉलेजातून आलेली, घरातली पहिलीच शिकलेली मुलगी दोघं त्या फॉर्मवर एकाच खान्यात बसतात, आणि आपल्याकडे खरा फरक तर तिथेच पडतो ना.

प्रश्न : मी दांडिया बाजारची, कॉलेजात शिकवते. लग्नाआधीचे पेपर माहेरच्या नावावर, नंतरचे सासरच्या. त्यात गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, त्यामुळे एका जर्नलने वडिलांचं नावच आडनाव समजून छापलं. गुगल स्कॉलरवर मी तीन वेगळ्या बायका आहे!

उत्तर : तीन नाही हो, चार. मी शोधून बघितलं, एका कॉन्फरन्सच्या पुस्तकात तुमच्या नावाला 'बेन' चिकटलंय, ती चौथी. आता आधी ऑर्किड (ORCID) नंबर काढा, म्हणजे संशोधकाचा ओळख नंबर. २०१२ पासून चालू आहे, १६ आकडी असतो, फुकट मिळतो, नाव कितीही बदललं तरी नंबर तोच. सगळे जुने पेपर त्याला जोडून टाका आणि पुढे एकच नाव एकाच पद्धतीने लिहा, कुठलं ते तुमचं तुम्ही ठरवा, सासूबाई नि क्लार्क दोघांनाही विचारायची गरज नाही. वडिलांचं नाव आडनाव म्हणून छापलंय ती सरळ चूक आहे, ती जर्नलला मेल करून दुरुस्त करून घ्या. बाकी जुन्या पेपरवरचं नाव पण बदलून मिळतं, हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं. २०२० नंतर मोठ्या प्रकाशकांनी तशी पॉलिसी आणली, ती ट्रान्सजेंडर संशोधकांनी लावून धरली म्हणून, पण फायदा लग्न किंवा घटस्फोट झालेल्या बायकांना पण होतो. बऱ्याच ठिकाणी दुरुस्तीची जाहीर नोंद छापत नाहीत आणि कोर्टाचे कागद मागत नाहीत.

आणि नावाने खरंच फरक पडतो का असं तुम्ही शेवटी विचारलंय, तर पडतो. अर्थशास्त्राचा एकच पेपर रिव्ह्यूअर्सना पाठवून बघितला होता, त्याचा अभ्यास २०२२ मध्ये आला. लेखक दोन, एक नोबेलवाले व्हर्नन स्मिथ आणि एक नवखा संशोधक. स्मिथांचं नाव दाखवलं तेव्हा २३ टक्क्यांनी रिजेक्ट करा म्हटलं, कोणाचंच नाव दाखवलं नाही तेव्हा ४८ टक्क्यांनी, आणि नवख्याचं दाखवलं तर ६५! पेपर तोच हं, एक ओळ बदललेली नाही. म्हणून जिथे दोन्हीकडची नावं झाकून रिव्ह्यू करून घ्यायची सोय आहे तिथे ती घ्याच.

प्रश्न : ताई, मी फतेगंजला रूम घेऊन राहतो, गुजरात सरकारच्या 'शोध' स्कॉलरशिपवर पीएचडी करतोय. पेपर अॅक्सेप्ट झाला आणि लगेच फीचा मेल आला, रक्कम बघून हातपायच गळाले. सवलत मागितली तर इंडिया लिस्टमध्ये नाही म्हणे. काय करू?

उत्तर : अरे पहिलं म्हणजे घरी वडिलांकडे मागू नकोस, एफडी मोडायची वेळ नाहीये ही. काय झालंय ते समजून घे. पूर्वी जर्नलचे पैसे वाचणारा भरायचा, म्हणजे लायब्ररी. ओपन अॅक्सेस आलं, वाचायला फुकट झालं, ते चांगलंच झालं, पण मोठ्या प्रकाशकांनी बिल उचललं आणि लिहिणाऱ्याच्या पानात वाढलं. 'नेचर' जर्नलने नोव्हेंबर २०२० मध्ये ओपन अॅक्सेसची फी जाहीर केली ती ९,५०० युरो, म्हणजे तेव्हाचे साडेआठ लाखांच्या आसपास रुपये. तुला शोधचे महिन्याला १५,००० मिळतात ना, मग जवळजवळ पाच वर्षं न जेवता साठवलेस तर एक पेपर!

आता सवलतीचं. बरेचसे प्रकाशक वर्ल्ड बँकेची यादी घेऊन बसतात, अगदी गरीब देशांना फी पूर्ण माफ, त्यांच्या जरा वरच्यांना अर्धी. आपण त्या अर्ध्या फीच्या गटात येतो खरं, पण 'नेचर' छापणाऱ्या स्प्रिंगर नेचरने नियमात अजून एक अट घातली होती की देशाचा जीडीपी २०० अब्ज डॉलरच्या आत पाहिजे. भारताचा त्याच्या कितीतरी पट मोठा. म्हणजे देश मोठा म्हणून फतेगंजच्या पोराचा खिसा पण मोठा, असला हिशोब. रेस नि जेंडरचे फॉर्म करायला कमिट्या बसतात, आणि ज्या फीच्या दारातून आपली कितीतरी मुलं परत फिरतात त्याची चर्चा प्रकाशक आपल्या अर्थखात्याकडे ढकलून देतात, याचा मला मनापासून राग येतो.

पण तुझं काम होऊ शकतं. जर्नल हायब्रिड, म्हणजे दोन्ही रस्ते असलेलं, आहे का बघ. असेल तर ओपन अॅक्सेसवर टिक करू नकोस, सबस्क्रिप्शनचा रस्ता घे, तिथे ती फी नसते. मग तुझा स्वीकारलेला ड्राफ्ट, जर्नलने सांगितलेली मुदत संपली की रिपॉझिटरीत (पेपर ठेवायची ऑनलाइन जागा) टाक, म्हणजे जग पण वाचेल. जर्नल पूर्ण ओपन असेल तर एडिटरला साधं पत्र लिही, ग्रँट नाही, स्कॉलरशिप एवढी आहे, गाइडची सही घे. काही ठिकाणी लिस्टबाहेरच्यांचा पण विचार करतात, मात्र ही सवलत बहुतेक सबमिट करतानाच मागायची असते, हे पुढच्या वेळी लक्षात ठेव. नाहीच झालं तर पेपर मागे घेऊन दुसरीकडे दे, त्यात लाज कसली. सी. व्ही. रामन यांनी १९३४ मध्ये काढलेली बंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस आहे, तिची भौतिकशास्त्राच्या 'प्रमाण'सारखी जर्नलं लेखकाकडून पानाचे पैसे घेत नाहीत. डीओएजे नावाच्या यादीत फी न घेणारी जर्नलं वेगळी काढून बघता येतात. आणि व्हॉट्सअॅपवर येतं ना, तीन दिवसांत पब्लिश, दोन हजार फक्त, तिकडे चुकूनसुद्धा जाऊ नकोस.

तुझा मित्र म्हणतो सरकारच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेमुळे सगळं फ्री झालं. वाचायचं झालं, बरोबर. ६,००० कोटी, २०२५ ते २०२७, तीस प्रकाशकांची तेरा हजारांच्या आसपास जर्नलं, कारभार आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे. तुझी युनिव्हर्सिटी सरकारी आहे म्हणून तुला मिळतंय, प्रायव्हेट कॉलेजवाले पहिल्या टप्प्यात बाहेरच आहेत.

प्रश्न : मी इतिहास शिकवतो, गायकवाडी काळातल्या मोडी कागदांवर काम करतो. रिव्ह्यूअरने एकच शेरा मारला, इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाकडून तपासून घ्या. चिडून वाटलं मराठीतच लिहावं. लिहू का?

उत्तर : सर, चिडणं साहजिक आहे, मोडी त्या रिव्ह्यूअरला वाचता येतं का हे कोणी विचारत नाही. तुम्ही एकटे नाही आहात. पर्यावरणाच्या ९०८ संशोधकांना विचारून केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे पेपर भाषेच्या कारणाने अडीच पटीहून जास्त वेळा नाकारले गेले होते. एडिटरला लिहा की नेमकी कुठली वाक्यं कळत नाहीत ती दाखवा. बहुतेक वेळा दाखवता येत नाहीत. भाषा साफ करायला एआय वापरलं तर बहुतेक जर्नलांना चालतं, पण वापरलंय हे लिहून द्यायचं, आणि मोडीतले शब्द नि तारखा परत स्वतः ताडून बघायच्या, ते बिनदिक्कत बदलून टाकतं.

मराठीत तर जरूर लिहा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक आहे, वाईचं 'नवभारत' आहे, तुमचे कागद समजणारे वाचक तिथेच भेटतील. प्रमोशनचं मात्र आधी विचारून घ्या. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद केली, जर्नल चांगलं की वाईट हे आता संस्थांनीच ठरवायचंय, म्हणजे तुमच्या विभागाने मराठी जर्नल धरलं तर कोणी अडवायचं कारण नाही. तेवढं तोंडी घेऊ नका, लेखी घ्या. आणि लेखाला इंग्रजी सारांश जोडा, बडोद्याच्या कागदांवर काम करणारे बाहेरदेशी पण आहेत, त्यांना मराठी येत नसलं तरी तुम्हाला मेल करता येईल.