वेडनेसडे घोकलेल्या पोरांना चॉसर शिकवताना

प्रिय नव्या प्राध्यापिकाबाई,

अनेक आशीर्वाद. टाइमटेबल लागलं आणि 'सुरुवातीचं इंग्रजी साहित्य' तुझ्या गळ्यात पडलं, म्हणून वैतागली आहेस. हा पेपर नेहमी नव्या माणसाच्या अंगावर ढकलतात. माझ्याही ढकलला होता.

त्या वर्षी मी युगाची पार्श्वभूमी, 1066ची नॉर्मन स्वारी, सरंजामशाही, प्लेग असं सगळं डिक्टेट केलं. सहाव्या आठवड्यात मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "सर, चॉसर कधी सुरू होणार?" तोवर मी चॉसरची, चौदाव्या शतकातल्या या इंग्रज कवीची, एक ओळही वाचून दाखवली नव्हती.

तेव्हा पहिल्या तासाला सनावळ्या नकोत. विचार, शाळेत स्पेलिंगं कशी पाठ केलीत? वर्ग हसेल. वेडनेसडे, कनाइफ, कनाइट. आपण सगळ्यांनी असंच घोकलंय. मग सांग, की ते घोकणं अगदीच वेडगळ नव्हतं. 'नाइफ'मधला क चॉसरच्या तोंडी खरोखर होता. 'नाइट' म्हणजे सरदार, तो तेव्हा 'क्निख्त' होता. 'नेम'चा उच्चार 'नामअ'च्या जवळचा. पुढे स्वरांची मोठी उलथापालथ झाली, 1476 मध्ये कॅक्स्टन या मुद्रकाने लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला. स्पेलिंग हळूहळू गोठलं, उच्चार पुढे निघून गेले.

लगेच फळ्यावर चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'च्या पहिल्या दोन ओळी देवनागरीत लिही:

व्हान दाट आप्रिल विथ हिस शूरेस सोते
द द्रुख्त ऑफ मार्च हाथ पेर्सेद तो द रोते

कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. आपली लिपी इथे रोमनपेक्षा कामाची आहे. 'सोते', 'रोते'मधला शेवटचा ए अर्धवट, अ-कडे झुकणारा. ओळ मोठ्याने, सगळ्यांकडून, चार-पाच वेळा म्हणून घे. मधल्या 'शूरेस', 'पेर्सेद'मधला ए गिळला की चाल लंगडते, हे कानालाच कळतं. छंदाची व्याख्या नंतर दे.

एप्रिलच्या गोड सरी मार्चचा कोरडेपणा मुळापर्यंत भेदतात, असा अर्थ सांगशील तेव्हा कुणीतरी म्हणेलच, "एप्रिलमध्ये गोड सरी?" आपल्याकडे एप्रिल म्हणजे घामाच्या धारा. तिथेच थांब, घाई करू नकोस. थंडीत कोंडलेली माणसं, उघडलेले रस्ते, लंडनजवळच्या साउथवर्कमधल्या टॅबर्ड सराईतून कँटरबरीला निघालेले यात्रेकरू, हे सगळं त्या एका प्रश्नातून उलगडतं. वारीची आठवण काढायचा मोह होईल. एकदा काढ, पण फरकही दाखव: इथे गोष्टींची पैज लागलीय आणि जिंकणाऱ्याचं जेवण बाकीच्यांच्या खर्चाने!

चॉसरच्याही आधीच्या, जुन्या इंग्रजीत मात्र थेट 'बेवूल्फ' या वीरकाव्यावर जाऊ नकोस. 3,182 ओळींचा डोंगर पाहून पोरं गाइड आणायला पळतात. कोड्यांपासून सुरू कर. इंग्लंडमधल्या एक्झिटर कॅथीड्रलमधल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात नव्वदच्या वर कोडी आहेत. त्या पोथीवर कुणीतरी भांडं ठेवल्याचा गोल डाग आहे, सुरीने कापल्याच्या खुणाही आहेत. फोटो दाखव. मग हे कोडं घाल: एका किड्याने शब्द खाल्ले, अंधारातल्या चोराने कुणाची तरी थोर वचनं गिळली, पण गिळून तसूभरही शहाणा झाला नाही. उत्तर, पुस्तकाला लागलेली कसर. गाइड पाठ करणाऱ्यांकडे बघून हसू नकोस, ते आपले आपण हसतात.

कोड्याची चटक लागली की 'बेवूल्फ'मधले जोडशब्द सोपे जातात. 'ह्रोनराद', देवमाशाची वाट, म्हणजे समुद्र. 'बानहूस', हाडांचं घर, म्हणजे शरीर. यातले 'बोन' आणि 'हाउस' मुलांनाच ओळखू दे. काव्याचा पहिलाच शब्द 'ह्वॅट'. त्याला मराठीत काय म्हणाल, म्हणून विचार. माझ्या वर्गात 'ऐका हो' पासून 'अरे!' पर्यंत भांडण झालं होतं, तास संपला तरी मिटलं नाही. बाकी काव्य भाषांतरातून वाचलं तरी चालेल. चॉसर मात्र मूळच हवा.

'चॉसर, इंग्रजी काव्याचा जनक' वगैरे प्रश्न परीक्षेला येतातच, त्यांना शेवटचे दोन आठवडे पुरतात. पार्श्वभूमीही तेव्हाच. नॉर्मन स्वारीनंतर गोठ्यातली गाय इंग्रजी 'काउ' राहिली आणि ताटातलं तिचं मांस फ्रेंचमधून आलेलं 'बीफ' झालं, ही गोष्ट सगळेच सांगतात, तूही सांग, दोन मिनिटांत.

पहिला तास झाला की फोन कर. चारनंतर, दुपारी मी झोपतो.

तुझा,
सर