काटा चढतो, काटा हलत नाही : कूलिंगच्या कामानंतरचे प्रश्न

प्रश्न : रेडिएटर बदलून नवं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) भरलं. शहरात गाडी ठीक आहे, पण मुंबईहून येताना कसारा घाटात तापमानाचा काटा झटक्यात वर जातो आणि तसाच खाली येतो. हीटर लावला तर गार हवा येते. (इंदिरानगर)

उत्तर : हीटरची गार हवा हीच खूण, सिस्टीममध्ये हवा अडकली आहे. फुगा तापमान मोजणाऱ्या सेन्सरपाशी आला की त्याला कूलंटऐवजी वाफ लागते आणि काटा उडतो, फुगा सरकला की उतरतो. कधी उलटं होतं : सेन्सर नुसत्या हवेत राहतो, काटा मध्यावर आणि इंजिनचं हेड (वरचा भाग) मात्र तापलेलं. ते जास्त वाईट.

इंजिन पूर्ण गार असतानाच कूलंटचं झाकण उघडा. गाडीचं तोंड चढाकडे ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर मंद. ब्लीड स्क्रू (हवा बाहेर सोडायचा) असेल तर तो सैल करून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत कूलंट हळूहळू ओता. मग स्क्रू आवळा, झाकण लावा आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन आयडलवर ठेवा. गार झाल्यावर लेव्हल उतरलेली असेल, तेवढं भरा. जुनं कूलंट किती निघालं हे मोजलं असेल, तर तितकंच परत बसायला हवं. बोअरचं पाणी नको, क्षार धरतो. कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

एवढं करूनही पुन्हा पुन्हा हवा होत असेल आणि सकाळी गार इंजिन सुरू करताच रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कडक होत असेल, तर हेड गॅस्केट (हेडखालचं सील) तपासा.

प्रश्न : मेकॅनिकने थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढूनच टाकला. आता काटा हायवेलाही 'सी'च्या (गार) वर येत नाही. चालेल का? (सातपूर)

उत्तर : नाही. इंजिन गार समजून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज घसरतं. नवा बसवा. बहुतेक थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांना उघडू लागतात. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून थर्मामीटरने पाहता येतं. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि कडेची छोटी हलती पिन वरच्या अंगाला, नाहीतर तिथेच हवा धरते.

प्रश्न : चावी फिरवताच, गार इंजिनवरही काटा थेट 'एच'वर (गरम). (पंचवटी)

उत्तर : ही उष्णता नव्हे, वायरिंगची गडबड आहे. ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूचे आकडे दाखवणारं यंत्र) कूलंटचं तापमान लावून सेन्सरचा कनेक्टर काढा. आकडा उणे 40 वर पडला तर वायर ठीक, सेन्सर शॉर्ट. तसाच वर राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. काही गाड्यांत ईसीयू स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतो आणि फॅन सतत चालवतो, त्याने गोंधळू नका. एरवीही स्कॅनरवरच भरवसा ठेवा : बऱ्याच गाड्यांत साधारण 80 ते 105 अंशांपर्यंत काटा मुद्दाम एकाच जागी धरलेला असतो.

प्रश्न : रस्त्यावर ठीक, द्वारकेच्या सिग्नलला थांबलं की काटा चढतो. (नाशिकरोड)

उत्तर : फॅन बघा. एसी लावून तो फिरतो का, आणि रेडिएटरवर कागद धरला तर आत ओढला जातो का? कागद उडून बाहेर येत असेल, तर रेडिएटर बसवताना फॅनच्या वायरी उलट जोडल्या आहेत.