लिम्फोमासाठी कार-टी सेल थेरपी घेतलेल्या कुणाचा अनुभव आहे का?

तुमच्या बाबांचा लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) केमोनंतर उलटलाय, डॉक्टरांनी कार-टी (रुग्णाच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडायची थेरपी) सुचवलंय आणि ते दिवस कसे असतात, घरच्यांनी काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. मी यातून गेले आहे, म्हणून लिहिते.

माझा डीएलबीसीएल, म्हणजे बी-पेशी या पांढऱ्या पेशींचा वेगानं वाढणारा लिम्फोमा. आर-चॉप या नेहमीच्या केमोच्या 6 सायकल झाल्या आणि वर्षाच्या आत मानेत पुन्हा गाठ आली. दुसरी केमोही लागू पडली नाही. मग नेक्सकार-19 ही भारतात तयार झालेली कार-टी घेतली. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून तयार झालेल्या या थेरपीला ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. अमेरिकेत अशा थेरपीला 3-4 कोटी लागतात, त्यापुढे हा खर्च बराच कमी, तरी आमच्यासारख्यांना डोंगरच. विमा कंपनीनं आधी नकार दिला होता. तुम्ही कागदपत्रं आत्तापासूनच मागे लागून पूर्ण करून घ्या.

सुरुवातीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढतात. चारेक तास मशीनला जोडून पडून राहायचं. मध्येच ओठांना मुंग्या आल्या, कॅल्शियम दिल्यावर थांबल्या. बाबांना असं झालं तर लगेच नर्सला सांगायला सांगा. त्यांतल्या टी-पेशींमध्ये (रोगाशी लढणाऱ्या पेशी) लॅबमध्ये नवं जनुक घालतात, मग त्यांना बी-पेशींवरचं सीडी-19 हे प्रथिन ओळखू येतं. पेशी तयार होईपर्यंतचे ते काही आठवडे मला सगळ्यात जड गेले. रोज मानेवर हात जायचा आणि गाठ वाढलेली जाणवायची.

नंतर 3 दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमो, आणि मग पेशी. गोठवलेली छोटीशी पिशवी कोमट पाण्यात वितळवून लावली, पंधरा-वीस मिनिटांत रिकामी झाली. खोलीत उकडलेल्या मक्यासारखा वास पसरला होता. "एवढंच?" असं माझी बहीण म्हणाली.

तिसऱ्या रात्री 103 ताप. हुडहुडी, बीपी खाली. नव्या पेशी कॅन्सरवर तुटून पडतात तेव्हा शरीरात साइटोकाइन या दाह वाढवणाऱ्या रसायनांचा पूर येतो, त्याचा हा ताप. टोसिलिझुमॅब दिलं, मूळचं संधिवातावरचं औषध. पहाटेपर्यंत ताप उतरला. ताप आला म्हणजे थेरपी फसली असं समजू नका, पण एक तासही अंगावर काढू नका.

आता मला मुख्य सांगायचंय ते. या पेशींचा परिणाम कधी कधी मेंदूवरही होतो. सगळ्यांना होत नाही, मला थोडा झाला. म्हणून रोज तारीख विचारतात, 100 पासून दहा-दहानं उलटे आकडे म्हणायला लावतात आणि एक वाक्य लिहून घेतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते. माझं वाक्य ठरलेलं होतं, 'आज दारातल्या जास्वंदीला पाणी घातलं.' सहाव्या दिवशी मी ते लिहिलं आणि माझ्या मते नीटच लिहिलं होतं. बहिणीनं वही बघितली आणि धावत जाऊन डॉक्टरांना बोलावलं. शिरोरेषा ओळीवरून घसरली होती, 'जास्वंदी'चा अनुस्वार 'स'वरच चढवला होता, पुढे नुसत्या रेघा. आकडे मी बरोबर म्हटले होते, म्हणून सकाळच्या तपासणीत कुणाला शंका आली नव्हती. स्टेरॉइड सुरू झालं, दोन दिवसांत अक्षर जागेवर आलं. त्या दोन दिवसांतलं मला फारसं आठवत नाही, वही मात्र आहे.

डिस्चार्जनंतरही महिनाभर हॉस्पिटलजवळच खोली घेऊन राहावं लागलं. प्लेटलेट्स बरेच आठवडे कमी होत्या. चांगल्या बी-पेशीही मरतात, त्यामुळे इन्फेक्शन पटकन होतं, मला इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) अधूनमधून घ्यावं लागतं. महिन्याच्या पेट स्कॅनमध्ये थोडं शिल्लक दिसलं तेव्हा आम्ही खूप रडलो. तिसऱ्या महिन्यात काहीच नव्हतं. अजून तपासण्या चालू आहेत.

बाबांसोबत एकच माणूस सलग ठेवा, रोज नवा नको. आणि एक साधी वही घेऊन त्यांच्याकडून आजच चार ओळी लिहून घ्या, त्यांचं नेहमीचं अक्षर कसं असतं ते तुमच्यापाशी राहू द्या.